मानशीचं दार

जहाजावर नऊ वर्षं मी परक्यांच्या चादरी धुतल्या.
सात महिने पाणी, दोन महिने चोडण,
पुन्हा पाणी.
कंबर गेली तेव्हा कंपनीनं एक प्रमाणपत्र दिलं
आणि मी रायबंदरच्या फेरीतून
दोन बॅगा, एक खोका घेऊन उतरलो
कायमचा.

शांभवी अकरा वर्षांची.
खोक्यातला टॅब घेताना "थँक्यू" म्हणाली,
बक्षीस समारंभात पाहुण्यांना म्हणतात तसं.

मग मी विचारत सुटलो.
शाळा कशी? बरी.
मैत्रीण कोण? आहेत.
गणित? ठीक.
धुलाईखात्यात प्रत्येक पिशवीला चिठ्ठी असायची:
खोली नंबर, नग, डाग असल्यास कशाचा.
तशी मी पोरीला चिठ्ठी लावू बघत होतो.

तिनं खोलीला आतून कडी घातली.
मी टकटक केली. रोज केली.
कधी शिऱ्याची वाटी घेऊन,
कधी नुसताच.
"जरा दमानं," सुरक्षा म्हणाली, आंबाडे ठेचत.
मला वाटलं, नऊ वर्षं दमानंच तर घेतलंय.

पुनोमामानं यंदा मानशीची पावणी घेतली.
"रात्री ये, जाळं ओढायला माणूस कमी आहे."
मी टॉर्च शोधतोय, तर ही दारात उभी,
फ्रॉक खोचलेला, हातात टोपली.
"मी नेहमी जाते."
नेहमी.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बांधावर ती पुढे, मी मागे.
कुर्ल्यांनी बांध कुठे पोखरलाय, तिला पाठ.
मी फोनवर ओहोटीची वेळ बघितली,
तिनं आभाळ बघितलं.
"अष्टमी आज. दहाच्या आत दार हलायचं नाही."

शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
मानस म्हणजे मन.
आम्ही खाजणाकडची पोरं खूप हसलो होतो तेव्हा.
आमची मानस म्हणजे दगडी चौकट,
शेवाळलेलं लाकडी दार,
आणि त्याला बाहेरून रेटणारं खारं पाणी.

"हे उघडतं कोण?" मी विचारलं.
मला माहीत होतं. तरी विचारलं.

"कुणी नाही," ती वळली, पहिल्यांदाच पुरती माझ्याकडे.
"बाहेरचं पाणी ढकलतं ना, तेवढा वेळ ते मिटून बसतं.
जास्त ढकललं, जास्त घट्ट.
बाहेरचं मागे सरलं की
आतलंच उघडतं त्याला.
हात लावायचा नसतो. पुनोमामा ओरडतो."

मी हात खिशात घातले.

मग बराच वेळ डास.
चिपीच्या मुळांत काहीतरी बुडबुडत होतं.
लांबून रिकामी फेरी दिवे घेऊन गेली.
विचारण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं.
मी जाळ्याच्या गाठी मोजल्या.

दहाला पाच कमी असताना दार कण्हलं.
बोटभर फट. मग पाण्याची जीभ.
आणि त्या आवाजाच्या आडून,
माझ्याकडे न बघता:
"मला ताप होता तेव्हा तुमचा फोन आलेला ना,
मी म्हटलेलं, कॅमेरा बिघडलाय.
बिघडला नव्हता.
मी त्यावर बोट ठेवलेलं."

मला तो पडदा आठवला.
काळा नव्हता, तांबूस होता.
बोट होतं तर ते.
भूमध्य समुद्रात कुठेतरी, खालच्या बंकवर पडून
त्या तांबूस काळोखाशी
मी पंधरा मिनिटं बोललो होतो.

"हं," मी म्हटलं.
एवढंच सुचलं, आणि बरंच झालं.

"कंदील खाली धरा. आणखी खाली. शेवटे बुजतात."
धरला.
जाळ्यात सुंगटं, चार शेवटे
आणि एक कुर्ली, जिनं माझा अंगठा धरला तो सोडेना.
"हलवू नको! बाबा, हात हलवू नको रे!"
आणि हसायला लागली,
इतकी, की पलीकडून पुनोमामानं
आम्हा दोघांना मिळून एक शिवी हासडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी पुन्हा आतून.
मी मूठ उगारली होती टकटक करायला.
मग पायरीवर येऊन बसलो
सुंगटं सोलत, अंगठ्याला हळद.
ओहोटी किती वाजता, ते फोनवर कळलं असतं.
फोन आत होता.
आणायला उठलो नाही.